भास्करच्या नावाची सव्वा मूठ

भास्करला त्याच्या सख्ख्या भावाने फसवलं. एक-दोन दिवस नाही, सव्वीस वर्षं फसवलं. आणि त्या फसवणुकीचा सौदा मी जुळवून दिला होता. या दोन्ही गोष्टी मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. माझ्या तापट डोक्याबद्दल अमळनेरपासून शिंदखेड्यापर्यंत लोक जे बोलतात ते खरं आहे. पण हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग येऊन गेला. तो असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

बातमी आली तेव्हा मी धुळ्याला माझ्या जुन्या ट्रॅक्टरांच्या आवारात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन भास्करच्या मुलाचा, अमोलचा होता. अंदमानात वाढलेला पोरगा, मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. "काका, बाबा गेले... सकाळी चाय पी, बूट घालायला वाकले, और बस." भास्कर निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं, तरी रोज सकाळी बूट घालून जेट्टीपर्यंत चालत जायचा. मी फोन खिशात ठेवला. समोरचं गिऱ्हाईक त्याचा आकडा सांगतच होतं. मी म्हटलं, "घेऊन जा." तो माझ्याकडे बघत राहिला. तासभर झगडणारा माणूस एकदम कसा वाकला, हे त्याला कळेना. "गाडीत काही खोट शे का शेठ?" असं विचारून तो ट्रॅक्टर न घेताच निघून गेला.

भास्कर आणि मी एका गावचे. अमळनेरपासून एसटीने पाऊण तास, बोरी नदीच्या काठचं गाव. त्याच्या घरी शेती होती, माझ्या घरी काहीच नव्हतं. बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचा सौदा जमवून देणं, हा माझा पहिला धंदा. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच कळतं. त्या कलेत मी लवकर तयार झालो. भास्कर बाजारात माझ्या शेजारी उभा राहायचा आणि रुमाल बाजूला झाला की विचारायचा, "काय शेठ, कितलामा पाडं?" म्हणजे, कितीत पटवलं? तेव्हा माझ्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. शेठ म्हणणारा तो पहिला.

त्याला पोलिसात जायचं होतं. जळगावला भरतीत पळाला, पहिल्या चारात आला, आणि छातीच्या मापात एका बोटाने राहिला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी पाचोऱ्याला एका नातेवाइकाकडे कुठल्याशा जुन्या पेपरात बेटांवरच्या पोलीस भरतीची जाहिरात त्याच्या नजरेला पडली. अर्ज केला आणि फौजदार म्हणून निवडला गेला. गावात कुणाला ते बेट नकाशावर दाखवता येत नव्हतं. म्हातारे म्हणाले, काळं पाणी. तिथे माणसाला शिक्षा म्हणून धाडतात, हा पगारासाठी चालला. त्याची आई मात्र एवढंच म्हणाली, "कानबाईले येशी ना?" म्हणजे, कानबाईला येशील ना?

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज लावून देवी मांडतात आणि भाऊबंद जिथे असतील तिथून गावी येतात. त्या देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, असतात. आदल्या दिवशी रोटांसाठी गहू आणि डाळ घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन त्याच्या नावाची सव्वा मूठ टोपलीत टाकतात. गावची चक्की त्या दिवशी धुऊन पुसून फक्त रोटांचं दळण दळते. आणि ते रोट खायचे फक्त घरच्यांनी. परक्याला पुरणपोळी मिळेल, खीर मिळेल, रोटाचा तुकडा मिळणार नाही. माणूस हजर असो नसो, मुंबईला असो की फौजेत, त्याच्या नावाची मूठ पडते. मूठ पडली म्हणजे तो घरचा. आमच्याकडे यापेक्षा मोठा दाखला नाही.

भास्कर कानबाईला येऊ शकला नाही. श्रावणात तिकडचा समुद्र खवळलेला असतो, बोटी अडकतात, वादळाचे इशारे येतात, आणि नेमकी तेव्हाच पोलिसांची रजा बंद होते. तो यायचा तो थंडीत. पण त्याची आई दर वर्षी पत्र लिहवून घ्यायची की तुझी मूठ घेतली. ते पत्र तो वर्षभर वर्दीच्या खिशात ठेवायचा. हे मला त्याने नाही, पुढे त्याच्या बायकोने सांगितलं.

त्याच्या नोकरीबद्दल गावात आज फार बोललं जातं, म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहितो. पहिली सात-आठ वर्षं तो उत्तरेकडच्या एका चौकीवर होता. मागे जंगल, पुढे पाणी, पंधरा माणसं, एक वायरलेस आणि एक बोट. बाहेरच्या देशातून चोरून मासे आणि समुद्रातले जीव पकडायला येणाऱ्यांना अडवायचं, जंगलातल्या लोकांच्या हद्दीत कुणाला शिरू द्यायचं नाही, आणि कुणाच्या बाईला कळा सुरू झाल्या तर तिला बोटीने दवाखान्यात पोहोचवायचं. "अर्धा वेळ मी पोलीस, अर्धा वेळ सुईण," असं तो म्हणायचा. तिथे त्याने एक पद्धत पाडली, कुठल्याही नियमावलीत नसलेली. बोट निघायच्या आधी स्वयंपाक्याने बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्या नावाची एक मूठ पीठ परातीत टाकायची. परतल्यावर त्याच पिठाच्या रोट्या. जो परतला नाही त्याची रोटी झाकून ठेवायची. शिपाई पाठीमागे हसायचे. बंगाली, तमिळ, रांचीकडचे, सगळे मिळून त्याला 'मूठवाले साहब' म्हणायचे. तो कुणावर ओरडायचा नाही, पण मूठ घेतल्याशिवाय इंजिन सुरू केलं तर आठवडाभर त्या माणसाशी बोलायचा नाही. त्याचा अबोला फार वाईट. माझ्याशीही त्याने एकदा दोन वर्षं अबोला धरला होता. कारण मला अजून ठाऊक नाही.

एका पावसाळ्यात त्यांची बोट खडकावर फुटली. यादीत अकरा नावं होती. संध्याकाळपर्यंत अकरा जण किनाऱ्याला लागले, यादी जुळली, शोध थांबला. भास्कर ओल्या कपड्यांत स्वयंपाकघरात गेला आणि विचारलं, मुठी किती? स्वयंपाक्याने सांगितलं, बारा. जनरेटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री, बायको शहरात आजारी म्हणून ऐन वेळी बोटीत चढला होता. कागदावर त्याचं नाव चढवायला कुणाला सवड झाली नव्हती. स्वयंपाक्याने मात्र मूठ घेतली होती. वायरलेसवर वरून विचारणा झाली की यादीत अकराच आहेत, मग बारावा कोण? भास्करने उत्तर दिलं, "कागजपर ग्यारह है साहब, आटे में बारह है." दुसरी बोट घेऊन तो पुन्हा निघाला. तिसऱ्या दिवशी तो मिस्त्री खाडीच्या झाडांत, मुळांना धरून बसलेला सापडला. पाय प्रवाळाने सोलले होते, पण जिवंत. तिथून भास्करचं नाव झालं. फौजदाराचा निरीक्षक, मग उपअधीक्षक, आणि शेवटची पाच वर्षं बेटांवरच्या सशस्त्र तुकडीचा कमांडंट. कितीतरी बेटांवर विखुरलेली शेकडो माणसं. त्याच्या हाताखालच्या प्रत्येक चौकीत ती मूठ चालू होती. ज्याला आपल्या कानबाईचं नाव उच्चारता येत नाही, असा तमिळ स्वयंपाकीसुद्धा सकाळी नावं घेऊन पीठ काढत होता.

आणि त्याच काळात इकडे, बोरीकाठच्या त्याच्या घरात, त्याच्या नावाची मूठ बंद झालेली होती.

झालं ते असं. आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी भास्करने तिकडे लग्न केलं. मुलगी शाळेत शिकवायची, नाव रोशनी. तिचे पणजोबा शिक्षा होऊन तिथे गेलेले, पणजीही तशीच गेलेली, दोघांचे प्रांत वेगळे, धर्म वेगळे. अशा घरांची तिथे मोठी वस्ती आहे, आणि ती चांगली माणसं आहेत. भास्करने थोरल्या भावाला, नानाला, पत्र लिहिलं. नानाने ते भाऊबंदांना जमवून ओट्यावर वाचून घेतलं. मी तिथे होतो.

"पोरगी कोनी शे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कैदीनी पणती," नाना म्हणाला.

"जात?"

नानाने पत्रातलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. भास्करने लिहिलं होतं, 'तिच्या घरच्यांची जात जहाजातून उतरलीच नाही. इथे कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.' मग नाना म्हणाला, "त्याना नावनी मूठ आते रोटमा पडनार नही. आज पत्र लिखी द्या त्याले."

पत्र लिहून टाका म्हणाल्याबरोबर मी मध्ये पडलो. मला भास्कर ठाऊक होता. हे पत्र मिळालं असतं तर तो पुन्हा कधीही गावाचं नाव काढणार नव्हता. मी नानाला बाजूला, गोठ्याकडे नेलं. तुमचा नियम तुमच्या घरात, म्हटलं, पण त्याला कळवता कशाला? तो श्रावणात येत नाही, येणारही नाही. मूठ घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण त्याने विचारलं तर घेतली म्हणा. तुमचा धर्म राहील, त्याचं मन राहील. नाना कुरकुरला. मी दोन्ही बाजूंचा फायदा पुन्हा पुन्हा मांडला. शेवटी त्याने मान हलवली. मला वाटलं, दोन-तीन वर्षं जातील, पोरगं होईल, म्हाताऱ्यांचा पीळ सुटेल, आणि मूठ आपोआप चालू होईल. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होतो. आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा पटवला, असं वाटत होतं. जो कच्चा दलालही करत नाही ती चूक मी केली होती. सौद्याला मुदत घातली नव्हती.

दर श्रावणात नानाला भास्करचा फोन यायचा. एका वर्षी तो फोन मी त्याच्या बाजूने ऐकला. माझा धंदा तोवर वाढला होता, विमानाने त्याच्याकडे गेलो होतो. आठ दिवस पाऊस थांबला नाही. पहिल्या दिवशी जेट्टीवर नारळाच्या भावावरून मी एका म्हातारीशी भांडलो, तर भास्कर मला ओढत बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, तिना पोऱ्या मना ड्रायव्हर शे. मना जीव वाचू दे." आम्ही खूप हसलो. त्या रविवारी मात्र सकाळपासून त्याने काही खाल्लं नाही. रोशनीवहिनी मला म्हणाली, "भाईसाहब, आज ये फोन होने तक पानी भी नहीं पीते. आप खा लीजिए." दुपारी लाइन लागली. नानाचा आवाज मोठा, मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं.

"बठ्ठा उनात का?" भास्करने विचारलं. म्हणजे, सगळे आले का?

"बठ्ठा उनात भो. तूच तेवढा नही."

"मूठ?"

"लिधी ना. तुना नावनी लिधी, पोराना नावनी बी लिधी."

मूठ घेतली, एवढं ऐकून भास्करने फोन ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसला. पहिला घास घेताना त्याचा चेहरा... वर्दीतला, शेकडो माणसांचा वरिष्ठ असलेला पन्नाशीचा माणूस, शाळेत पहिला आलेल्या मुलासारखा दिसत होता. माझ्या ताटात मासे होते. मी खाली बघून काटे काढत बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. सौदा मोडला असता.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि पहिलं काम त्याने हेच केलं; कानबाईला येतो म्हणून कळवलं. एकटाच येणार होता. अमोलला सुट्टी नव्हती, आणि रोशनीवहिनी गावात कधीच आली नाही, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. त्याचा फोन आला तशी मी गाडी काढली आणि धुळ्याहून थेट गाव गाठलं. नाना आता पंच्याहत्तरीचा आहे, गुडघे गेले आहेत, पण मान तशीच ताठ. मी म्हटलं, नाना, यंदा मूठ घे. दोघांची घे. ओट्यावरचे सगळे म्हातारे गेले, आता अडवणारं कोण आहे?

"कानबाईले खोटं चालत नही," नाना म्हणाला.

"सव्वीस वर्षं फोनवर चाललं ते?"

"तो तुना सौदा व्हता. मना नही."

मी त्या दिवशी नानाला नको ते बोललो. तोही बोलला. पण मी शेवटी बाजारातला माणूस, रिकाम्या हाताने उठायची सवय नाही. संध्याकाळपर्यंत बसून मी त्याच्याकडून आणखी एक सौदा काढला. वहिनीने, म्हणजे नानाच्या बायकोने, मुठी घेताना भास्करचं आणि अमोलचं नाव मोठ्याने घ्यायचं. फक्त त्या दोन मुठी शेजारच्या दुसऱ्या टोपलीत टाकायच्या. दळणात त्या जाणार नाहीत. नाना कबूल झाला. वहिनी काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी भास्कर पायजमा-सदरा घालून, आंघोळ करून, मुठी घेतात तिथे येऊन बसला. एवढ्या वर्षांनी कानबाईला आला म्हणून भाऊबंद त्याला बघत होते, कुणी पाया पडत होतं, कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. वहिनी एकेक नाव घेत होती. नानाचं, नानाच्या मुलांचं, नातवांचं. मग "भास्कर" म्हणाली. त्याने डोळे मिटले. मग "अमोल". मी दाराशी उभा होतो, मला वाटलं, निभावलं.

पण ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुठी मोजल्या, त्याच्यासमोर आम्ही हा खेळ मांडला होता. डोळे मिटलेला माणूसही कानाने मोजतो. धान्य भरल्या टोपलीत पडतं त्याचा आवाज वेगळा, रिकाम्या टोपलीत पडतं त्याचा वेगळा. त्याने डोळे उघडले. दोन्ही टोपल्यांकडे पाहिलं. वहिनीजवळ सरकून हळूच विचारलं, "वहिनी, हाई टोपलीमा कोना कोना नावनं शे?"

वहिनीने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तुना... आनि अमोलना."

"आजपाइन का?" म्हणजे, हे आजपासून वेगळं ठेवता का?

वहिनीने मान हलवली. नाही. मग तिला रडू आलं. "आज पहिलीच दाव लिधी रे भो," ती म्हणाली. आज पहिल्यांदाच घेतली.

तो उठला. आरडाओरड नाही, काही नाही. भरलेली मोठी टोपली खांद्यावर घेतली, ज्यात त्याची मूठ नव्हती ती, आणि चक्कीवर नेऊन दळून आणली. रांगेत नंबर लावून आणली. रविवारी कानबाई बसली तेव्हाही तो होता, आरतीला होता, बायकांच्या फुगड्या बघत होता. जेवणं सुरू झाली. घरच्यांची पंगत आत, रोटांची. आम्हा बाहेरच्यांची पंगत अंगणात. नानाच्या मुलाने त्याला आत बोलावलं. भास्कर म्हणाला, "मी पाव्हना शे. पाव्हनाले बाहेर वाढा." आणि अंगणात येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. "सरक रे शेठ," म्हणाला. मी सरकलो. वहिनीने पुरणपोळी वाढली. त्याने ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. नाना आत बसून होता. बाहेर आला नाही.

सोमवारी विसर्जन झाल्यावर मी त्याला अमळनेरच्या स्टेशनवर सोडायला निघालो. अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं, "तुले माहीत व्हतं?" मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. ओट्यावरचं, गोठ्यातलं, दुसऱ्या टोपलीचं. तो कपाशीच्या शेताकडे बघत ऐकत होता. संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मुदत कितली ठेयेल व्हती?" मी म्हटलं, ठेवली नव्हती. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मंग तुले सौदा येत नही." स्टेशनवर त्याने मला गाडीतून उतरू दिलं नाही.

त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. रोशनीवहिनी उचलायची, ठीक हैं म्हणायची. घरात तो गप्प असायचा, एवढं तिने एकदा सांगितलं. पाच महिन्यांनी अमोलचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मी डॉक्टर नाही, आणि कुणावर खुनाचा आरोपही करत नाही. पण त्याला जे कळलं त्यानंतर तो पाच महिनेच होता, हा हिशेब मला चुकवता येत नाही. आणि मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ आमच्यात घेत नाहीत. म्हणजे आता इच्छा असली तरी, आणि कितीही भांडलं तरी, ते होणं नाही.

गेल्या महिन्यात गावात शोकसभा झाली. वेशीजवळ मोठा फलक लागला होता, भास्करचा वर्दीतला फोटो आणि खाली सगळ्या भाऊबंदांची नावं. शाळेच्या पटांगणात माइक लावला होता. नानाला दोघांनी धरून उभं केलं. नाना म्हणाला, "आमचा भाऊ समुद्रापार होता, पण आमच्यापासून कधी दूर नव्हता. दर कानबाईला आम्ही त्याच्या नावाची मूठ घेतली." लोकांनी डोळे पुसले. मी उभा राहिलो आणि ओरडलो की हे खोटं आहे. चार जणांनी मला खाली बसवलं. एकाने सांगितलं, शेठ, आजच्या दिवशी नको. मग कोणत्या दिवशी? माइक पुढच्या वक्त्याकडे गेला.

त्या सभेचं चित्रण कुणीतरी अमोलला पाठवलं. तो पोरगा आता स्वतः पोलिसात आहे, बापासारखाच कमी बोलतो. त्याने मला फोन केला. अस्थी घेऊन तो इकडे येणार नाही, तिकडेच समुद्रात सोडल्या म्हणाला. कानबाईबद्दल त्याला काही नको आहे. एकच गोष्ट विचारली. "काका, मूठ बंद होती एवढंच बाबांनी सांगितलं, नाव मरेपर्यंत नाही. पापा की मूठ बंद करनेवाला कौन था? मुझे नाम चाहिए." मी त्याला म्हटलं, लपवायचं ठरवलं ते मी. तो म्हणाला, "वो ठीक है. बंद किसने की?"

मी त्याला नाव सांगितलं नाही. माझ्या तोंडून त्याने आजवर खूप ऐकलं, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. नाना, तुला वाचून दाखवणारे नातू आहेत, त्यांनी हे वाचून दाखवावं. तू उभा राहणार नाहीस, गाव तुला उभं करणार नाही, पुढच्या श्रावणात चक्की धुतली जाईल आणि सगळं नेहमीसारखं चालेल, हे मला दिसतं आहे. तरी मागतो. अमोलचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये आहे. त्याला फोन लाव, आणि बंद कुणी केली ते तुझ्या तोंडाने त्याला सांग.